खुणा कोणी फोडल्या?

कॉर्विल गावच्या शाळेच्या मैदानावर दिवे नव्हते, म्हणून तिथले हाताने खेळायच्या अमेरिकन फुटबॉलचे सामने शुक्रवारी दुपारीच होत आणि तेवढ्या वेळापुरतं अख्खं गाव दुकानांना कुलपं लावून मैदानावर येई. अशाच एका दुपारी, लागोपाठ तिसरा सामना हातचा जात असताना, कोच डेलबर्ट सेडलाचेकच्या मनात पाल चुकचुकली. त्याने कडेला उभं राहून चेंडू फेकणाऱ्या पोराला खूण केली होती. आधी कोपर, मग कान, मग कमरेचा पट्टा. म्हणजे चेंडू लांब फेकायचा. खूण करून झाल्यावर त्याने सवयीने टोपी काढली, टक्कल पुसलं आणि तो वाट बघत राहिला. पोरं जागेवर उभी राहतात न राहतात तोच पलीकडच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "फेकणार! मागे व्हा, मागे!"

चेंडू पलीकडच्याच एका पोराच्या हातात अलगद जाऊन पडला.

पुढच्या डावाला चेंडू पोटाशी धरून मुसंडी मारायची होती, तर पलीकडून आरोळी आली, "पळणार!" आणि कॉर्विलचं पोर पाच जणांच्या ढिगाखाली गेलं. एखाद्या वेळी असं झालं असतं तर डेलबर्टने नशिबाला बोल लावला असता. सामन्यामागून सामने असंच चाललेलं म्हटल्यावर नशिबाचा काय संबंध? घरातलंच कोणीतरी फुटलं होतं.

डेलबर्ट मुळातच असा, की हातातल्या घड्याळात वेळ बघितली तरी भिंतीवरच्या घड्याळाला विचारून खात्री करणार. त्याने सरावाच्या मैदानाला ताडपत्री लावली. धान्याच्या कोठाराच्या उंच मनोऱ्यावर कोणी दुर्बीण घेऊन बसत नाही ना, हे बघायला माणूस चढवला. पाद्रीबाबा संध्याकाळी कुत्रं घेऊन मैदानावरून जायचे, त्यांना रस्ता बदलायला लावला. त्यांच्या कुत्र्यावरही त्याचा पुरता विश्वास नव्हता. खुणा दोनदा बदलल्या. तरी पलीकडची आरोळी काही चुकली नाही.

मग उरलं कोण? खुणा तिघांनाच ठाऊक. एक तो स्वतः. दुसरा, चेंडू फेकणारा वेस, ज्या पोराला आईच्या चार प्रश्नांना मिळून एक हुंकार द्यायचीही सवय नव्हती. आणि तिसरा मर्ल ओस्टरमन.

मर्ल शाळेत सुतारकाम शिकवी आणि दुपारनंतर डेलबर्टचा दुय्यम कोच असे, गेली वीस-बावीस वर्षं. मार्च महिन्यात डेलबर्ट व्यायामशाळेत छाती धरून कोसळला, तेव्हा ह्याच मर्लने त्याला आपल्या गाडीत घालून, लाल दिवे न जुमानता, जिल्ह्याच्या इस्पितळात पोचवलं होतं. घरी आल्यावर डेलबर्टने सगळ्यांना बजावलं होतं, "झालं ते झालं. छातीचा विषय पुन्हा कोणी काढायचा नाही." त्याने स्वतः तर तो असा काही पुरला होता, की मर्लचे उपकारही त्याबरोबर गाडले गेले.

आता त्याला भलतंच आठवू लागलं. दर शनिवारी पुढच्या संघाच्या कोचला अर्ध्या वाटेवर गाठून दोघांनी आपापल्या सामन्याच्या कॅसेटी एकमेकांना द्यायच्या, ही तिकडची जुनी रीत. ते काम मर्लकडे होतं. आणि हल्ली तो यायला उशीर लावत होता.

"मर्लची मुलगी हँडलीला दिलीय ना?" जेवताना डेलबर्टने बायकोला विचारलं. ताटात राजमा-खिम्याचं तिखट कालवण होतं आणि त्याच्याबरोबर, त्या भागात सगळेच खातात तसा, दालचिनीचा गोड पाव.

"दिली कसली, तिचं तिनेच ठरवलं," लोरीन म्हणाली. "तू नाचला होतास लग्नात. कोणी न सांगता."

"आणि पुढचा सामना कोणाशी? हँडलीशी."

लोरीनचा चमचा हवेतच राहिला. "डेल, ज्या माणसाने तुला मार्चमध्ये..."

"ते काढू नकोस."

"नाही काढत. पण एक सांगते, तुझ्या डब्यात सगळ्यावर गोळी आहे, संशयावर नाही." आणि ती लगबगीने उठून भांडी घासायला लागली. तिने नजर चुकवली, हेही डेलबर्टने टिपलं. ही कोणाच्या बाजूची?

शनिवारी तो मर्लच्या मागावर गेला. महामार्गावरच्या खानावळीबाहेर बिटाने भरलेला एक ट्रक उभा होता, त्याच्या आडोशाला त्याने गाडी लावली. काचेतून स्वच्छ दिसत होतं. मर्लसमोर हँडलीचा कोच रॉईस टीडमन बसला होता. कॅसेटींची देवाणघेवाण झाली. इथपर्यंत सगळं ठीक. मग मर्लने कप बाजूला सारला आणि उजव्या हाताने डाव्या कोपराला हात लावला. तिथून हात वर खांद्यापर्यंत नेला. तळवा छातीवर ठेवला. शेवटी टोपी काढून कपाळ पुसलं. मास्तर मुलाला अक्षर गिरवायला लावतो तसं त्याने ते सगळं पुन्हा सावकाश करून दाखवलं. आणि समोरच्या टीडमनने मान डोलावत तस्संच केलं. कोपर, खांदा, छाती, टोपी.

कोपर तर आपल्याच खुणांतलं! कुंपणच शेत खात होतं. डेलबर्टला राग आला, पण रागाच्या आधी रडू आलं, आणि ते आल्याबद्दल पुन्हा राग आला.

सोमवारी सरावाला त्याने सगळ्या पोरांसमोर तोंड उघडलं.

"शनिवारी टीडमनला काय शिकवत होतास रे?"

मर्लचा चेहरा उतरला. "बघितलंस होय?"

"नाही म्हण की!"

"नाही कसं म्हणू? पण ते खेळाचं नव्हतं, डेल."

"मग कशाचं होतं? हातवारे करून पाद्रीबाबांचं प्रवचन सांगत होतास?"

मर्लने पोरांकडे बघितलं, डेलबर्टकडे बघितलं, आणि जीभ आवरली. "नाही सांगता येत. शब्द दिलाय."

"कोणाला? टीडमनला?"

गळ्यातली शिट्टी काढून मर्लने कुंपणाच्या तारेला अडकवली. दोन पावलं गेला, थांबला. "मला विकायचंच असतं ना डेल, तर आपला संघ चांगला होता तेव्हा विकलं असतं. भाव तरी बरा आला असता." एकही पोर हसलं नाही. वेस बुटाची नाडी बांधत बसला, ती सुटलेली नसताना.

हँडलीच्या सामन्याला खुणा पुन्हा नव्या होत्या. डेलबर्टला आणि वेसला सोडून त्या कोणाला माहीत नव्हत्या. डेलबर्टने पहिली खूण केली, टोपी काढून टक्कल पुसलं, आणि पलीकडे कोणीतरी दचकून उठल्याचं त्याला दिसलं. तिसऱ्यांदा तेच केलं, तर पलीकडून आरोळी आली, "फेकणार!"

डेलबर्टने आधी वेसकडे बघितलं. तेवढ्या क्षणात त्याला त्या मुक्या पोराचाही संशय आला. मग त्याने पुन्हा मोजदाद केली. पोर नाही, मर्ल तर इथे नाहीच. मग राहिलं कोण?

कॉर्विल हरलं, हंगाम संपला. सामन्यानंतर दोन्ही कोचांनी मधोमध येऊन हात मिळवायचे असतात, म्हणून डेलबर्ट गेला.

"मर्ल कुठाय?" टीडमनने विचारलं.

"हाकलला. का ते तू मला विचारतोस? खानावळीत काय शिकत होतास ते पाहिलंय मी."

टीडमन त्याच्याकडे बघतच राहिला. "अरे देवा! ते? ते तुझ्या छातीचं होतं, गड्या. झटका येताना हात कसा दुखतो, माणूस छाती कशी धरतो, ते दाखवत होता. मार्चमध्ये तू आधी टोपी काढून घाम पुसलास म्हणे, आणि मग पडलास. म्हणाला, 'आमच्या बाजूचे सगळे मैदानाकडे बघतात. त्याचं तोंड फक्त तुम्हाला दिसतं. त्याने टोपी काढली की लक्ष ठेवा.' प्रत्येक संघाला सांगत हिंडलाय तो. तुझ्या बायकोनेच गळ घातली होती, आणि तुला कळू द्यायचं नाही अशी शपथही."

डेलबर्टचा हात टोपीकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला.

"आज पहिल्यांदा टोपी काढलीस तेव्हा आमचा डॉक्टर पळत येणार होता," टीडमन ओशाळून म्हणाला. "तर तू चेंडू फेकायला लावलास. परत टोपी काढलीस, परत फेकलास. पळवायचा असला की टोपी डोक्यावर. मग... आम्हालाही जिंकायचं होतंच की रे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! डेलबर्टने मनोऱ्यावर माणूस चढवला होता, आणि स्वतःच्या डोक्यावर काय आहे ते बघितलं नव्हतं.

तो घरी गेलाच नाही. ऊन अजून होतं. मर्ल घरामागच्या शेडमध्ये पाठमोरा उभा राहून एका फळीवर रंधा मारत होता. पावलं ओळखली असणारच, पण त्याने मान वळवली नाही.

"मर्ल."

रंध्याचा आवाज चालूच.

"टीडमनने सांगितलं सगळं."

"बरं झालं. आता लोरीन मला सोलून काढेल. आलास तसा जा, डेल. मला काही ऐकायचं नाहीये."

डेलबर्ट गेला नाही. इतकी वर्षं ज्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला, त्याला चारचौघांत चोर ठरवलं होतं. शरमेने त्याने टोपी काढली आणि छातीशी धरली.

मर्लने तेवढ्यात वळून बघितलं. रंधा धाडकन खाली पडला. फळी ओलांडून तो धावत आला आणि त्याने डेलबर्टला दंडाला घट्ट धरलं.

"कुठे दुखतंय? हातात? गोळी कुठाय? खिशात आहे का? अरे बोल ना गाढवा!"

"कुठेच नाही रे," डेलबर्ट म्हणाला. "माफी मागायला आलोय."

मर्लने श्वास सोडला, पण दंड सोडला नाही.

"मग ती टोपी ठेव आधी डोक्यावर," तो म्हणाला. "माझा जीव जातो."