तीन वर, दोन खाली, एक अंगावर

मित्रांनो, चेन दुरुस्त करणाऱ्या कारागिराने मला आणि माझ्या मालकिणीला एकाच वेळी सावध केलं होतं, आणि आम्ही दोघींनी त्याला एकाच वेळी उडवून लावलं.

त्याने मला मांडीवर घेतलं, चेनीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "बाई, चेनीचा दोष नाही. दात एकाच कोपऱ्यात चेपलेत. कापड अडकलेलं असताना कुणीतरी न बघता ओढलंय. एकदा नाही, सतरा वेळा. भरतं कोण ही?"

"मीच भरते. वीस वर्षं झाली."

"मग जरा बघून भरत जा."

"तुम्ही चेन बदला. मला बॅग भरायला शिकवू नका."

मला हसूच आलं. माझ्या मालकिणीला बॅग भरायला शिकवणार? हिला?

मी एक जुनी प्रवासी बॅग आहे. जाड कापडाची, करड्या रंगाची, दोन रात्रींच्या सामानापुरती. मला शिवणारी बाई संशयी होती. बंदावर एक शिवण पुरे असताना ती म्हणाली, "लोक बॅगेत काय कोंबतील याचा भरवसा नाही," आणि तिने तीन शिवणी मारल्या. तो संशय माझ्यात उतरला असावा. उरलासुरला मालकिणीने भरला.

माझी मालकीण वजनकाटे तपासणारी सरकारी निरीक्षक होती. दुकानदार तिला 'काटेबाई' म्हणत. काटे तपासते म्हणून, आणि बोलणंही तसंच म्हणून. आठवड्यातून एकदा तरी तिला दोन दिवसांच्या दौऱ्यावर जावं लागे. तिची एक खोड होती. ती स्वतःच्या पेटीतलं वजन काट्यावर ठेवायची आणि मुद्दाम चुकीचा आकडा बोलायची. "हे पाचशे ग्रॅम ना हो?" जो दुकानदार काट्याकडे न बघता "हो बाई" म्हणे, त्याच्या दुकानातला एकूण एक काटा ती तपासायला खाली उतरवायची. सुट्टीत तिची लेक दौऱ्यावर सोबत असली की ती हे बघून खुदखुदायची.

आता माझ्या भरण्याविषयी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. तिचा नियम होता, तीन वर, दोन खाली, एक अंगावर. म्हणजे तीन शर्ट, दोन पँट आणि वरून घालायला एक जॅकेट. आधी ती सगळे कपडे पलंगावर मांडायची. प्रत्येक शर्ट दोन्ही पँटवर ठेवून बघायची. एखादा शर्ट एकाच पँटवर शोभत असेल, तर त्याला म्हणायची, "ज्याचं सगळ्यांशी जमत नाही त्याने घरी बसावं." सहा नगांतून बारा पोशाख होत. शिवाय मोहरीच्या रंगाचा एक स्कार्फ, कुठल्याही पोशाखाला उठाव आणणारा. पँटच्या गुंडाळ्या तळाशी, शर्ट त्यांच्यावर आडवे, मोज्यांचे गोळे कोपऱ्यांत. कचेरीतल्या मुली मला उघडी ठेवून फोटो काढत. "बाई, आमच्या दोन दिवसांना तीन बॅगा लागतात हो!" मी फुगून बसायचे. फुगायला माझ्यात जागाही उरायची.

मग ती निवृत्त झाली आणि मी कपाटावर गेले. वर्षभर तिथे पालथी पडून होते. तिची लेक बाळंत झाली, नात झाली, तेव्हा मला खाली काढून झटकण्यात आलं. जावई कामासाठी दूरच्या शहरात. लेकीला कामाला बाहेर जावं लागलं की काटेबाई दोन दिवस नातीजवळ राहायला निघे, आणि सोबत मी. पूर्वीसारखंच सगळं. निदान मला तसं वाटलं.

पहिली पाल चुकचुकली ती स्कार्फवरून. एका फेरीला मोहरी स्कार्फ माझ्यात नव्हता. पुढच्या फेरीलाही नाही. मी लेकीवर संशय घेतला. तिनेच ढापला असणार! तिच्या घरी पोचले की तिच्या दाराच्या खुंटीकडे बघत राहायचे. तिथे नव्हता. मग मातकट शर्ट गायब झाला. मग चौकटीची पँट. हळूहळू माझ्यात फक्त गडद निळं आणि पांढरं उरलं. सगळे शर्ट एकाच शिंप्याचे, एकाच सुताचे. आता पलंगावर मांडून बघायचीही गरज नव्हती. कुठलाही हात घाला, जोडी जमतेच. मला वाटलं, ही माझ्यासाठी नवी बॅग बघत असणार आणि जुन्यात जुनं तेवढं भरतेय. काय काय म्हणून वाटलं नाही मला! फक्त खरं ते सुचलं नाही.

पण डोळ्यांत तेल घालून बघायला लागल्यावर एकेक गोष्ट दिसू लागली. ती शर्ट उचलून आधी गळ्याची पट्टी चाचपायची, मग बटणं मोजायची, बोटांनी. गोळ्यांच्या एका डबीला रबर गुंडाळलं होतं, दुसरीला दोन. बस थांब्यावर ती शेजारच्या माणसाला विचारायची, "कुठली गाडी लागली हो? चष्मा घरी राहिलाय माझा." मित्रांनो, चष्मा माझ्या बाहेरच्या कप्प्यात होता. मला त्याची काडी टोचत होती. जिने जन्मभर कुणाचं खोटं माप खपवून घेतलं नाही, ती बाई माझ्यादेखत खोटं बोलत होती.

इथे पाणी मुरत होतं. पण बॅग कुणाला सांगणार?

लेकीलाही कसलातरी वास लागला असावा. नवीनच आई झालेली ती. झोपलेल्या बाळाच्या नाकासमोर बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघणारी. तिने एक दिवस आईसाठी शर्ट आणला. त्याच शिंप्याकडचा, तेच सूत, रंग मात्र गडद हिरवा, वर बारीक पिवळे ठिपके.

"आई, पुरे झालं ते निळं-पांढरं. शाळेचा गणवेश वाटतो."

"माझ्या जोडण्यांत बसत नाही तो. कपाटात ठेव."

"सगळ्यांवर जातो, मी बघितलंय."

"मी घालणार नाही म्हटलं ना!" काटेबाईचा आवाज एकदम चढला. एका शर्टापायी? मला तो आवाज रागाचा वाटेना. भीतीचा वाटला.

पण लेकीने हट्ट आईचाच घेतलेला. काटेबाई आंघोळीला गेल्यावर तिने माझ्यातला निळा शर्ट काढून घेतला आणि तिथेच हिरव्याची घडी सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला जायचं होतं. बाळ नऊ महिन्यांचं, कान दुखत होता म्हणून डॉक्टरांनी थेंबांचं औषध दिलेलं. दिवसातून तीनदा, ड्रॉपरच्या खालच्या रेघेपर्यंत. वरच्या रेघेपर्यंत दिलं तर दुप्पट होणार होतं. लेकीने हे चौथ्यांदा सांगितलं.

"मला रेघा शिकवतेस?" काटेबाई आतून ओरडली. "रेघांवर तर नोकरी केली मी!"

आणि ती बाहेर आली. अंगात हिरवा शर्ट. ताठ मान, नीट लावलेली बटणं.

लेकीचा चेहरा उजळला. "अगं, घातलास! आवडला शेवटी!"

"काय आवडलं?"

लेक थांबली. मी पलंगावर उघडी पडले होते आणि माझी चेनसुद्धा ताठ झाली. लेक अगदी सहज आवाजात म्हणाली, "शर्ट गं. जांभळा शोभतो तुला."

"हो, जांभळा मला पहिल्यापासून आवडतो," काटेबाई म्हणाली आणि खांद्यावरून हात फिरवला.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मग लेकीने टेबलावरचा ड्रॉपर उचलला आणि आईच्या हातात दिला. "बघ बरं, मी बरोबर भरलंय का? एकदा तुझ्या नजरेखालून जाऊ दे."

काटेबाईने तो खिडकीच्या उजेडाकडे धरला. मान तिरकी केली. एक डोळा मिटला, उघडला. "बरोबर आहे. खालच्या रेघेवर. थेंबभर इकडे नाही की तिकडे नाही."

"आई, तो रिकामा आहे."

ड्रॉपर हातातच राहिला. काटेबाई माझ्या शेजारी बसली, इतकी जवळ की तिच्या मांडीखाली माझा बंद अडकला.

"कधीपासून?" लेकीने विचारलं.

"डावा दीड वर्षापासून मंदावत गेला. उजवाही आता फार धूसर झालाय."

"आणि मला बोलली नाहीस? बाळाला औषध देणार होतीस तू!"

"देणार नव्हते. शेजारच्या बाईंना बोलावून भरून घेणार होते. ठरवलं होतं मी."

"आणि त्या घरी नसत्या तर?"

काटेबाईने ड्रॉपर चाचपडत पलंगावर ठेवला. ती म्हणाली, "तुला कळलं असतं तर तू बाळाला माझ्याजवळ ठेवलं नसतंस."

"नसतं ठेवलं," लेक म्हणाली. आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. "पण तुला तर ठेवलं असतं ना गं माझ्याजवळ. तुझ्यावर लक्ष तरी ठेवलं असतं."

प्रशिक्षण राहिलं. त्याच दिवशी दोघी डोळ्यांच्या दवाखान्यात गेल्या, कडेवर बाळ, खांद्यावर मी. डॉक्टरबाईंनी बराच वेळ तपासलं. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया होईल, म्हणाल्या, दिसेल पुष्कळसं. डाव्याला उशीर झाला. "सहा महिने आधी आला असतात तर..." एवढं बोलून त्या थांबल्या. मी मनातल्या मनात मागे मोजत गेले. सहा महिन्यांपूर्वी मी त्या कारागिराच्या मांडीवर होते.

मित्रांनो, माझ्या फुशारकीची मला आजही लाज वाटते. लोक माझं कौतुक करायचे, किती आटोपशीर, किती जुळवून भरलेली! आणि मीही मान डोलवायचे. पण शेवटच्या फेऱ्यांत ती शिस्त उरली नव्हती. ती एका घाबरलेल्या बाईने अंधारासाठी केलेली तयारी होती. जे कपडे न बघता जुळतात तेवढेच तिने ठेवले, म्हणून तिची एकही चूक कुणाच्या नजरेला आली नाही. मी सगळ्यांवर संशय घेतला, लेकीवर, न आलेल्या नव्या बॅगेवर. नीटनेटकेपणावर मात्र घेतला नाही. तो इतका निर्दोष होता की तिथेच थांबून नीट बघायला हवं होतं.

आता काटेबाई लेकीकडेच राहते. उजव्या डोळ्याने ठळक अक्षरं वाचते. बाळाला खेळवते, भरवते, ओरडतेही. औषध लेक भरते आणि काटेबाई शेजारी उभी राहून तिच्या हाताला नावं ठेवते. मी कोपऱ्यातल्या स्टुलाखाली असते. फिरणं कमी झालंय. माझी काळजी करू नका.

पण तुम्हाला एक काम सांगते. तुमच्या ओळखीत कुणीतरी असेल, एकटं राहणारं. आत्या, काका, निवृत्त झालेल्या बाई, वरच्या मजल्यावरचे आजोबा. ज्यांचं सगळं अगदी व्यवस्थित चाललेलं असतं आणि ज्यांच्याबद्दल घरात सगळे म्हणतात, "त्यांची काही काळजी नाही." त्यांना फोन करू नका. फोनवर ते मजेतच असतात. जा. दार वाजवा, पाणी मागा, ते आणून देईपर्यंत त्यांच्या हाताकडे बघत बसा. सहज म्हणून काहीतरी वाचून दाखवायला सांगा. चिडले तर उठू नका.

आजच जा.