लालबागची शिस्तबद्ध पब्लिक

शेवंतीबाईची आमटी फौजदार खर्डेकरच्या पायावर सांडली, तिथून सगळं सुरू झालं.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. लालबागात पोरं दगड मारायची, पोलीस अश्रुधूर सोडायचे, आणि दोघंही पळायचे आमच्याच चाळीच्या बोळातून. खर्डेकर असाच कुणाच्या तरी मागे धावत शेवंतीबाईच्या खानावळीत घुसला. माणूस काही गावला नाही, म्हणून त्यानं चुलीवरच्या हंडीला लाथ घातली. हंडी चांगलीच तापलेली. गडी एका पायावर नाचला, आणि नाचता नाचता बाईच्या मनगटावर काठी हाणून गेला. रिपोर्टात लिहिलं काय? तर बाईनं पोलिसावर उकळती आमटी फेकली!

आम्ही गिरणीवाले तिच्याकडे दोन वेळ जेवणारे. गप्प बसतोय होय? बोंबाबोंब केली, पेपरात आलं, तेव्हा वरून हुकूम सुटला: फौजदाराची चौकशी होणार, उघड होणार, जनतेला बसता येईल. पण बाई खोटी ठरली तर खटला तिच्यावरच, आणि खानावळीला टाळं.

"एकटीला बसवतील नि अंगठा घेतील," शेवंतीबाई म्हणाली. "तुमची तोंडं समोर दिसली तर माझं तोंड उघडेल. नायतर नाय."

"बाय, अख्खी चाळ आणतो."

आणलीही. रात्रपाळीवाले न झोपता आले. बायका तर वेणीफणी करून, हळदीकुंकवाला निघाल्यासारख्या. चौकशीच्या खोलीच्या दारात हवालदार आडवा.

"जागा नाय. पब्लिक आत बसलीय."

"पब्लिक आत? मग आम्ही कोण?"

"तुम्ही जमाव."

खिडकीच्या गजाला लटकून मी आत डोकावलो. बाकं खच्चून भरलेली. सगळे ताठ, हात गुडघ्यावर, आणि झाडून सगळ्यांच्या डोक्यावर कोरी करकरीत गांधी टोपी! मला हसू आवरेना. अहो, त्या साली लालबागात गांधी टोपी घालून फिरायची कुणाची छाती होती? दिसली की काँग्रेसवाला म्हणून उडवायचे. आमच्याकडे नवरदेवसुद्धा काळी टोपी घालून बोहल्यावर चढायचा. आणि या शहाण्यांनी साध्या कपड्यातले शिपाई 'जनता' म्हणून बसवायचे, तर त्यांना टोप्यांचा गठ्ठाच वाटलेला.

समोर चौकशीचे साहेब, पिकलेले, जाड चष्म्याचे. त्यांच्यापुढे शेवंतीबाई. बिचारी बाकांवर ओळखीचं तोंड शोधतेय.

"बोला बाई. जनता हजर आहे."

बाईनं पदर सावरला आणि ओठ मिटून घेतले.

"म्हणजे तुम्हाला काही सांगायचं नाही?" साहेबांनी पेन उचललं.

"रामदास, गेली रे खानावळ," नाक्यावरचा चहावाला शामराव माझ्या कानात कुजबुजला. तोही धंदा सोडून किटलीसकट आलेला.

"किटली दे इकडे."

"कशाला?"

"पब्लिकला तरतरी आणतो."

चहाला पोलिसानं अडवल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. हवालदार म्हणाला, "आधी मला ओत." त्याला ओतला आणि शिरलो आत. थेट मागच्या भिंतीला जाऊन उभा राहिलो. लहानपण आपलं नायगावच्या मैदानाच्या कठड्यावर गेलेलं, पोलिसांची परेड बघत. ती आरोळी पार हाडात मुरलेली. पोटातून श्वास घेतला आणि दिली ठोकून,

"अटेऽऽन्शन!"

खाड्!

सगळी जनता एका झटक्यात उभी. टाचेला टाच, छाती पुढे, हनुवटी वर. खुर्चीवरचा खर्डेकरही ताडकन उठला आणि सलाम ठोकून मोकळा झाला. कुणाला? माझ्या किटलीला!

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ही... जनता?"

"होय साहेब," मी म्हटलं. "लालबागची. लई शिस्तीची. चहा ओतू?"

साहेब हसले नाहीत, पण मिशी हलली. "उभेच आहात तर बाहेर चला सगळे," ते म्हणाले. "आणि हवालदार, ज्यांना एका रांगेत उभं राहता येत नाही, त्यांना आत घ्या."

जनता सवयीनं डावीकडे वळून रांगेनं निघाली. दारात आमची चाळ आडवी. काय रेटारेटी झाली म्हणता! टोप्या पाचोळ्यासारख्या पडल्या. चाळ बाकांवर बसली. बसली कसली, सांडली. पहिल्या बाकावर गंगुबाईनं ठाण मांडून मिश्रीची डबी उघडली. तिला बघून शेवंतीबाईचं तोंड जे उघडलं!

"साहेब, मी फेकली असती तर मेल्याच्या थोबाडावर फेकली असती, पायावर कशाला? आणि माझी माणसं उपाशी ठेवून याच्यावर आमटी घालवू? लागून गेलाय मोठा!"

चाळ खो खो हसली. साहेबांनी खर्डेकरकडे मान वळवली. "आमटी पायावर सांडली तेव्हा हंडी कुठं होती?"

"चुलीवर, साहेब."

"आणि बाईंनी फेकली ती?"

"तीच, साहेब... म्हणजे हातात... आधी चुलीवर..." खर्डेकरनं आधारासाठी मागं बाकांकडे बघितलं. गंगुबाईनं मिश्रीनं काळे झालेले दात दाखवले.

"म्हणजे चुलीवरच," साहेब म्हणाले आणि लिहायला लागले.

खर्डेकरची नुसती बदली झाली, तेवढंच वाईट वाटतं. पण खानावळ राहिली. मनगट सुजलेलं असूनही बाईनं दुसऱ्याच दिवशी चूल पेटवली. जेवायला बसलो तर आमटीची हंडी उतरवायला तिच्या हातात कोरी पांढरी फडकी.

"नवी घेतलीस गं?"

"घेतेय कशाला? तुझी पब्लिक टाकून गेली," ती म्हणाली. "दोन एकात एक घातल्या की चटका बसत नाय."