सरकलेला डोह

वडनेरच्या मंजुळाबाईंचं बोलणं गेलं ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. ओट्यावर भाजी निवडत बसल्या होत्या. हातातली जुडी खाली पडली, ती उचलायला हात गेलाच नाही, आणि सुनेला हाक मारायला तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली. अकोल्याच्या दवाखान्यातून घरी परतल्या तेव्हा काठीच्या आधाराने, उजवा पाय ओढत का होईना, चालत होत्या. शब्द मात्र तिकडेच कुठंतरी राहिले.

आणि बाई कशी, तर लग्नाचं बोलावणं द्यायला धाडली की पहिल्याच घरी दुपार करून बसणारी! आता त्या आपल्या मुलाला, गजेंद्रला, 'कुलूप' म्हणायच्या. पहिल्यांदा सगळे हसले, त्याही हसल्या. मग गजेंद्र उगीचच गोठ्याकडे गेला आणि बराच वेळ आला नाही. डोक्यात सगळं जागच्या जागी होतं. गजेंद्र हे नाव त्यांना आत स्वच्छ दिसायचं, पण जिभेवर येता येता त्याचं भलतंच काही होऊन जायचं.

एक शब्द तेवढा न चुकता यायचा. पाणी.

"पाणी," त्या म्हणायच्या, आणि सून राखी हातातलं काम टाकून पेला घेऊन धावायची. त्या पेला बाजूला सारायच्या. माठातलं थंड आणून झालं, कोमट करून झालं, लिंबू पिळून झालं. घटकाभराने पुन्हा तेच, पाणी. शेवटी राखीने भरलेला पेला कायमचा उशाशी ठेवला आणि पदराने डोळे पुसले.

मंजुळाबाईंना हवं होतं ते पाणी पेल्यातलं नव्हतंच. दुपारी डोळा लागला की त्यांना एक डोह दिसायचा. सातपुड्याच्या पायथ्याचा, हिरवट, तळाचे गोटे दिसावेत इतका नितळ. उंबराची फांदी पाण्यावर ओणवी झालेली आणि तिच्या पानांतून गळलेलं ऊन पाण्यावर हलत असलेलं. त्या डोहात त्या उताण्या तरंगत असायच्या, सोळा-सतराच्या, आणि कानांत पाणी शिरल्यामुळे जगाचा आवाज कुणी दार लोटून घ्यावा तसा बंद झालेला असायचा. जाग यायची तेव्हा अंग हलकं आणि गार असायचं. केस ओले असतील म्हणून त्या डाव्या हाताने चाचपून पाहायच्या. कोरडेच असायचे.

दिवाळी आटोपली तशी जळगाव जामोदहून हुस्नबानो भेटायला आली. कॉलेजात दोघी एका बाकावर. हुस्नबानोचा आता जळगाव जामोदात शिवणक्लास होता. नवरा गेल्यावर त्याची गाडी विकवेना, म्हणून पन्नाशी उलटल्यावर ती गाडी चालवायला शिकली होती आणि आता तालुकाभर एकटी हिंडायची.

"पाणी," मंजुळाबाई म्हणाल्या.

राखी उठली. हुस्नबानोने तिला हाताला धरून खाली बसवलं.

"थांब वं बेटा. तिची नजर पाह्य जरा. तहानेलं माणूस पेल्याकडे पाह्यते. हे तं खिडकीतून पाहून राह्यली."

खिडकी उत्तरेची होती. तिच्यातून तुरीचं शेत दिसायचं, आणि हवा निवळ असली की त्याच्या पार पलीकडे सातपुड्याची निळी रेघ. हुस्नबानो त्या रेघेकडे पाहत राहिली. मग खाटेवर वाकली आणि हळूच म्हणाली, "मंजुळे, उमरझिऱ्याचा डोह?"

मंजुळाबाईंनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की हुस्नबानोच्या दोन बांगड्या फुटल्या.

गजेंद्रला हे पटेना. "मावशी, डॉक्टर आईले जिना चढू देत नाहीत, अन् तुम्ही डोहावर नेता? पाय घसरला तं?"

"घसरला तं मी हाओ ना धराले. नाही धरता आलं तं दोघी पडू," हुस्नबानो म्हणाली. "अबे गजू, तुही माय दोन महिन्यांपासून एकच गोष्ट मांगून राह्यली, अन् तुम्ही तिले पेले देऊन राह्यले."

गजेंद्रने उशाशी भरून ठेवलेला पेला उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "गरम कपडे घेऊन जा सोबत."

तिसरी मैत्रीण विमल. शाळेतून निवृत्त होऊन ती पुण्याला लेकाकडे राहायला गेली होती. फोनवर हुस्नबानोचं अर्धं वाक्य ऐकलं आणि तिने बॅग भरली. भुसावळला गाडी बदलून ती नांदुऱ्याला उतरली तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं.

वडनेरहून तिघी निघाल्या. मागच्या सीटवर विमलला चिकटून बसताच मंजुळाबाईंची मंजुळा झाली. गाडीच्या टपावर दोरीने बांधलेली एक प्लास्टिकची खुर्ची होती.

"ही खुर्ची कशासाठी गं?" विमलने विचारलं.

"'कशासाठी' म्हणे! पुण्यानं तुही जीभ इस्त्री करून टाकली वं, विमल. कशाले म्हण, कशाले."

विमल हसली. मंजुळाही हसली, आणि तिचं हसणं अगदी पूर्वीसारखं, मोकळं आणि मोठं निघालं. हसायला शब्द लागत नाहीत हे तिच्या इतके दिवस ध्यानातच आलं नव्हतं.

पूर्णेचा पूल आला. नदीवर धुकं होतं आणि पुलाचा पलीकडचा शेवट दिसत नव्हता, जणू रस्ता पाण्यावरूनच पुढं गेला होता. त्यानंतर दोन्हीकडे कपाशी. वेचणीच्या बाया पाठीमागे झोळ्या बांधून पांढऱ्या बोंडांत कमरेपर्यंत बुडाल्या होत्या. मंजुळेच्या मांडीवर विमलचा हात होता. हुस्नबानो बोलत होती, उमरझिऱ्याला राहणाऱ्या आपल्या बशीरमामूच्या संत्र्यांच्या बागेबद्दल, बैलबंडीबद्दल, अकरावीच्या दिवाळीच्या सुटीत तिघी तिथं कशा राहिल्या आणि मामीने त्यांना पाण्यावर तरंगायला कसं शिकवलं त्याबद्दल. मंजुळा ऐकत होती. कधी त्या बोलण्यातून गाडी जात होती असं वाटे, कधी गाडीतून ते बोलणं.

जळगाव जामोद मागे पडलं आणि डोंगर अंगावर आला. लांबून निळा दिसणारा तो आता तपकिरी, हिरवा, राखाडी असा सगळाच होता.

उमरझिऱ्याला पोचल्या तर ओळखीचं काही नव्हतं. बाग मामूंच्या मुलांनी कधीच विकली होती, तिथं हरभरा पेरला होता. डांबरी रस्ता नाल्यापर्यंत आला होता. हुस्नबानोने गाडी बाभळीखाली लावली, तिघी काठाशी आल्या.

डोह नव्हता. उंबरही नव्हता. नजर जाईल तिथवर नुसते गोटे, पांढरे, करडे, मडक्याएवढे, डोक्याएवढे. उन्हात ते हाडांसारखे चमकत होते.

"इथंच होता ना?" विमल म्हणाली. "हुस्ना, इथंच ना?"

हुस्नबानो ओढणीचं टोक हातात पिळत होती. "मले काय मालूम असं झालं म्हणून. मी तरी कुठं आली होती इतक्या वर्षांत!"

मंजुळेने डोळे मिटले. डोह तिथं होता. उंबराची फांदीही होती. डोळे उघडले की गोटे, मिटले की पाणी. तिने दोन-तीनदा तसं करून पाहिलं आणि तिला भोवळ आल्यासारखं झालं. विमलने तिला सावरलं.

गवताचे भारे डोक्यावर घेऊन दोन बाया नाल्यातून येत होत्या, पाड्यावरच्या. एक वयस्क, एक तिची सून असावी. हुस्नबानोने त्यांना हाक मारून डोहाचं विचारलं.

"डोह सरकला," वयस्क बाई म्हणाली. शेजाऱ्याने घर बदललं असं कुणी सांगावं, तितक्या सहज. "तो मोठा पूर आला नव्हता का? तव्हा हा भरला. आता तो खाली राह्यते. त्या काळ्या खडकाच्या मांगं."

"तोच डोह?"

बाईला या प्रश्नाचं नवल वाटलं. "तोच. दुसरा कोणता राहीन?"

खडक फार लांब नव्हता, पण गोट्यांवरून मंजुळेचा पाय निघेना. मग हुस्नबानोने टपावरची खुर्ची सोडून आणली. मंजुळेला तिच्यात बसवलं. दोन्ही बायांनी भारे खाली ठेवले, पदर खोचले, आणि चौघींनी चार पाय धरून खुर्ची उचलली. विमल धापा टाकत होती, हुस्नबानो शिव्या घालत होती, पाड्यावरची सून तोंडाला पदर लावून हसत होती. खुर्चीत मंजुळा डुलत चालली होती. वर आभाळ, त्यात एकच घार. लग्नातही तिला कुणी असं मिरवलं नव्हतं.

खडकाला वळसा घातला आणि पाण्याचा गार वास आला.

हा डोह रुंद होता. वर सावली धरायला झाड नव्हतं. अख्खं आभाळ त्यात उतरलं होतं, त्यामुळे खोल किती ते कळत नव्हतं. वयस्क बाई आत चालत जाऊन छातीभर पाण्यात उभी राहिली आणि तिने छातीशी हात लावून दाखवलं, इथवरच. मग उन्हं कलली की खुर्ची उचलायला येतो असं सांगून दोघी आपल्या भाऱ्यांकडे निघून गेल्या.

विमलने बॅगेतून सलवार-कुडते काढले. कुणी येतं का ते पाहत, एकमेकींना आडोसा करत तिघींनी कपडे बदलले. खुर्ची उथळ पाण्यात मांडली. मंजुळा तिच्यात बसली आणि गार पाणी कमरेपर्यंत आलं तशी तिच्या तोंडून एक लांब सुस्कारा निघाला. उजवा हात, जो घरी मांडीवर मेल्यासारखा पडून असायचा, तो पाण्याने आपोआप उचलला. तो वर आला, बोटं थोडी उलगडली. ती त्या हाताकडे बघत राहिली. तिचाच होता.

"चालतं का?" हुस्नबानोने विचारलं.

मंजुळेने मान हलवली. दोघींनी तिला खुर्चीतून उचलून पुढं नेलं आणि उताणं केलं. एकीचे हात मानेखाली, दुसरीचे कमरेखाली. कानांत पाणी शिरलं आणि दार लोटून घेतलं गेलं.

किती दिवस लोक तिच्या तोंडाकडे पाहत होते! आता काय म्हणेल, काय चुकेल म्हणून. मुलगा पाहायचा, सून पाहायची, बघायला आलेली प्रत्येक बाई पाहायची. इथं कुणी वाट पाहत नव्हतं. दोन ओळखीचे चेहरे वर होते, त्यांचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. त्याही तिच्यासारख्याच झाल्या होत्या. आभाळ तर कधी बोलतच नव्हतं. तिचं अंग लांब झालं, पाण्याएवढं झालं, पाय कुठं संपतात ते कळेना. डोंगर उलटा तिच्या कपाळाशी आला आणि तिथंच थांबला. ती सोळाची होती का अठ्ठावन्नची, हे विचारणारं तिथं कुणी नव्हतं.

खूप वेळाने तिच्या ध्यानात आलं, की पाठीखाली हात नाहीत. दोघी बाजूला उभ्या होत्या आणि विमल रडत होती.

मंजुळेला खुर्चीत बसवल्यावर हुस्नबानो म्हणाली, "आता तू, विमल."

"नको गं. तीस वर्षांत पाण्यात पाय नाही घातला मी."

"म्हणूनच. चाल."

विमल उताणी झाली खरी, पण अंग लाकडासारखं. मान ताठ, मुठी आवळलेल्या, पाय खाली जाऊन राहिलेले. हुस्नबानोने सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. "माय वं, बुडून राह्यली मी!" विमल ओरडली आणि पुणं एका क्षणात तिच्या जिभेवरून उतरलं. खुर्ची हाताशीच होती. मंजुळेने वाकून डावा तळवा विमलच्या पाठीखाली सरकवला.

"ढिलं सोड," ती म्हणाली.

हुस्नबानोने वळून तिच्याकडे पाहिलं. दोन्ही शब्द सरळ, आपापल्या जागी. मामी असंच म्हणायची, तिघींनाही, पुन्हा पुन्हा. मंजुळेने शब्द शोधले नव्हते. हात पाण्याखाली गेला आणि ते त्याच्या मागोमाग आले.

"ढिलं सोड," ती पुन्हा म्हणाली, आणि विमलच्या मुठी उघडल्या.

नंतर तिघी खडकावर ऊन खात पडल्या. खडक तापला होता, अंगाखाली भाकरीसारखा गरम लागत होता. संत्र्यांच्या फोडी खाऊन झाल्या. हुस्नबानोने कोरडी ओढणी अंथरून दुपारची नमाज पढली. विमल तोंडावर टॉवेल घेऊन घोरायला लागली. मंजुळा जागी होती. पाण्यावरून एक निळा चतुर जायचा, थांबायचा, परत यायचा.

विमल जागी झाली ती हळहळतच. "शनिवारचं तिकीट हाय माझं. पुढल्या वर्षी परत येऊ का वं? मंजुळे, येशीन?"

मंजुळेला 'हो' म्हणायचं होतं. तो शब्द तर केवढासा. तिने तोंड उघडलं.

"सोमवार," ती म्हणाली.

मग हुस्नबानोने मांडीवर थाप मारली. "आयकलं का? बाई सोमवारी म्हणून राह्यली. साल-बिल कशाले?"

"अगं, तिला तसं म्हणायचं नव्हतं..." विमल म्हणाली आणि मंजुळेकडे पाहून थांबली. मंजुळा मान हलवत होती. होकारार्थी, जोरजोरात, ओल्या केसांचं पाणी उडवत.

विमलने तिकीट रद्द केलं. सोमवारी गाडी गजेंद्रने चालवली. तो डोहाकडे पाठ करून, खडकापलीकडे, मोबाइल न काढता बसून राहिला. मागून येणारं खिदळणं ऐकताना आपल्या आईचा आवाज त्यातला कोणता, ते त्याला ओळखू येत नव्हतं. थंडी वाढली तशी पाणी दुपारीही बोचायला लागलं, मग तिघी नुसते पाय सोडून बसायच्या. विमल संक्रांतीपर्यंत राहिली. नाल्याची धार बारीक होत गेली, डोह आक्रसत खडकाच्या पायाशी गेला, आणि मंजुळा दर खेपेला खुर्ची थोडी पुढं, उरलेल्या पाण्याजवळ मांडायला लावायची.