बाराव्या दिवशी काढलेला फोटो

मी एक जुना फोटो आहे. माझ्या खालच्या कोपऱ्यात उर्दूत 'फसली १३४२' असे साल लिहिले आहे, म्हणजे कळंबावर निजामाचा अंमल होता त्या काळचा मी. माझ्यात सात माणसे दिसतात. मित्रांनो, त्यातली सहा जिवंत होती.

खरे तर मी बारशाचा फोटो व्हायचा होतो. धान्याचे व्यापारी महालिंगप्पा यांना मुलगी झाली, म्हणून त्यांनी हौसेने सोलापूरहून फोटोवाल्या साहेबांना बोलावले होते. साहेब कॅमेऱ्याचे तिकाटणे, काळे कापड आणि काचांची पेटी घेऊन बाराव्या दिवशी सकाळी दारात उतरले, तेव्हा घरात रडारड चालू होती. बाळंतपणापासून शुद्धीवर न आलेली त्यांची बायको नागम्मा पहाटेच गेली होती. बाळाला तिने एकदाही हातात घेतले नव्हते.

आमच्या लिंगायत घरात वारलेल्या माणसाला आडवे ठेवण्याची रीत नाही. नागम्माला नवे लुगडे नेसवून, कपाळभर विभूती लावून, फुले घालून बसवले होते. साहेब परत निघाले, पण महालिंगप्पांनी त्यांचा हात धरला.

"साहेब, पोरगीनं आईला बघितलं न्हाय. उद्या इचारल तर काय दावू? फोटो काढा. पोरगी तिच्या मांडीवर द्या."

मग नागम्माच्या पाठीशी जाड पासोडी टांगली. पासोडीआड तिची धाकटी बहीण मल्लम्मा हिला बसवले. तिने नागम्माच्या पदराखालून हात पुढे घालून बाळाला धरायचे, पण स्वतः दिसायचे नाही, असे ठरले. मल्लम्मा तेव्हा पंधरा वर्षांची होती.

"कोई हिलो नक्को," साहेब म्हणाले. मग जिला हे सांगायची गरज नव्हती तिच्याकडे त्यांचे लक्ष गेले आणि ते घाईने कॅमेऱ्याकडे वळले. त्यांनी भिंगाचे टोपण काढले, पाच अंक मोजले आणि टोपण लावले. मित्रांनो, मी त्या पाच अंकांचाच बनलेला आहे.

पंधरा दिवसांनी मी चौकटीत बसून कळंबला आलो. घरची माणसे मला बघून चपापली. कारण त्या पाच अंकांत जो तो हलला होता. बाळाच्या गुरुलिंगकाकांना तर दोन नाके आली होती. बाळाच्या तोंडाचा नुसता धूर झाला होता. स्वच्छ, रेखीव, पापणीच्या केसासकट उमटली होती ती एकटी नागम्मा. साहेबांनी बारीक कुंचल्याने तिची बुबुळे काढली होती. माझ्यासमोर कुठेही उभे राहा, ती बघत असे.

मला बैठकीत टांगले. दर दिवाळीला झाडलोटीच्या वेळी मला खाली उतरवत, काच पुसत आणि भोवती कोंडाळे करून बसत. कुणी गुरुलिंगकाकांच्या नाकांवर हसे, कुणी नागम्माच्या हातच्या धपाट्यांची आठवण काढी. पाच वर्षांची चन्नम्मा, म्हणजे माझ्यातले ते धुराचे बाळ, एकदा वडिलांना म्हणाली, "आप्पा, सगळे हाललेत. आई मातर माझ्यासाठी हालली न्हाय, व्हय ना?"

महालिंगप्पांनी उपरणे डोळ्यांना लावले. "व्हय बाळ. तू पडू नये म्हनून."

झाले! एकदा सांगितले ते सांगितले. मग सगळ्या घराने तेच धरून ठेवले. आई तू तान्ही असताना तापाने गेली, पण त्याआधी तुला मांडीवर घेऊन फोटो काढला, असे चन्नम्माला सांगण्यात आले. ती रोज शाळेत जाण्याआधी काचेवरून माझ्यातल्या बाळाला धरलेल्या हाताला बोट लावी. आईचे म्हणून तिच्याजवळ एवढेच होते. मला फार अपराधी वाटे. पण फोटोला तोंडे असतात, जीभ नसते.

पुढे अठ्ठेचाळीस साल उजाडले. निजामाच्या मुलखात दंगेधोपे माजले, गावे ओस पडू लागली. महालिंगप्पांनी मुलीला आणि तिला सांभाळायला घरीच राहिलेल्या मल्लम्माला हद्दीपलीकडे बार्शीजवळच्या छावणीत पाठवले. गाडीत जागा नव्हती. सोळा वर्षांच्या चन्नम्माने भांडी खाली ठेवली आणि मला लुगड्यात गुंडाळून बरोबर घेतले.

छावणीत बायकांना दुपारी काम नसे. मग पेट्या उघडत. कुणाकडे सासऱ्यांचा फोटो, कुणाकडे लग्नातला. फोटो हातोहात फिरत आणि मागे राहिलेली घरे आठवून बायका डोळे पुसत. एका दुपारी चन्नम्माने मला बाहेर काढले. मी शांताक्का नावाच्या म्हातारीच्या हातात गेलो. आळंदकडची बाई, अशी अनेक माणसे बसवलेली पाहिलेली. तिने मला डोळ्यांजवळ नेले आणि एकदम कपाळाला लावले.

"शिवा शिवा! लिंगैक्य झाल्यावरचा, जीव गेल्यावरचा हाय की ह्यो."

"न्हाय आक्का, तुमी चुकलात," चन्नम्मा हसून म्हणाली. "माझी आई हाय ती. मला धरलंय बघा तिनं."

"बाळ, बसवल्यालं हाय तिला. मान बघ. मागची पासोडी बघ." म्हातारीला आपण काय बोलून बसलो ते कळले, पण तोवर उशीर झाला होता.

चन्नम्मा मला घेऊन मल्लम्मापुढे उभी राहिली. मल्लम्मा तूर निवडत होती. तिने मान वर केली नाही. "व्हय. पासोडीआड म्या हुते," एवढेच म्हणाली.

चन्नम्माने मला पालथे घातले. दोन दिवस माझे तोंड मातीत होते. तिसऱ्या दिवशी ती मावशीला म्हणाली, "म्हंजे मला आईनं कवाच धरलं न्हाय. तूच धरलं हुतंस."

मल्लम्माच्या हातातले सूप खाली पडले.

"म्या बी न्हाय, पोरी. सायबांनी टोपण काढलं आन् 'दो' म्हनायच्या आत माझ्या हातावर हात आला. म्या भिऊन हात वढून घेतला. तुला सोडलं म्या! पाच म्हनंस्तवर तू तिथंच हुतीस. पडली न्हाईस." ती हमसून हमसून रडू लागली. "सोळा वरसं झाली. कुनाला सांगू? बारा दिसांचं लेकरू सोडलं म्या."

चन्नम्माने मला सुलटे केले, माती पुसली आणि डोळे ताणून पाहिले. बाळाच्या कमरेपासून मागे पासोडीकडे धुराचा एक पुसट पट्टा गेला आहे. इतकी वर्षे सगळे त्याला ओलीचा डाग समजत होते. तो मागे ओढलेला हात होता. आणि कमरेवर दुसरा हात आहे. त्याची पाची बोटे मोजता येतात. साहेबांनी कुंचल्याने डोळे काढले होते, बोटे काढली नव्हती.

चन्नम्माने मला खाली ठेवले नाही. मावशीला जवळ ओढून तिने हळूच विचारले, "कसा हुता गं हात?"

"गार."

"आन्?"

मल्लम्माने दुसऱ्या हाताने आपले मनगट धरले. "घट्ट," ती म्हणाली. "लई घट्ट हुता, बाळ."

मित्रांनो, माझा कागद आता पिवळा पडला आहे. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला उन्हात टांगू नका, ओल लागू देऊ नका. आणि त्या दिवशी तिथे असलेले माणूस हयात आहे तोवर त्याच्या शेजारी बसून फोटो बघा. मल्लम्मा सोळा वर्षे माझ्यासमोरून जाताना मान खाली घालून भरभर जात असे, आणि त्या घरात तिला एकदाही कुणी विचारले नाही की का.