महाराष्ट्राचा डबा

२००७ सालची सव्वीस जानेवारी. सोसायटीच्या बोर्डावर त्या दिवशीच्या जेवणाची यादी, कुठल्या घराने आपल्या राज्याचं काय आणायचं त्याची, लागली तेव्हा मी चष्मा पुसून ती दोनदा वाचली. गुजरात, उंधियू. राजस्थान, दालबाटी. केरळ, अवियल. आणि महाराष्ट्र, पुरणपोळी, बी ३०२. म्हणजे मी, वैजयंता. गोडदेवच्या या बिल्डिंगमध्ये मराठी घर माझं एकटीचंच उरलेलं. नवरा जाऊन दोन वर्षं झाली, मुलगा उदय बहारीनला. दिवसभरात बोलायचं ते दूधवाल्याशी, तेही ‘आधा लिटर’ एवढंच. खोटं कशाला सांगू, यादीत घर बघून मला बरं वाटलं. निदान चार बायका ओळख तरी दाखवतील.

अडचण एवढीच की मला पुरणपोळी येत नाही. आम्ही रत्नागिरीकडचे बौद्ध. घरात गोड म्हणजे खीर, एरवी कुळथाची पिठी आणि नाचणीची भाकरी. आम्ही सगळी भावंडं त्यावरच पोसलो. पिठी आणू का, असं मी सेक्रेटरींना विचारलं. ते म्हणाले, वो कौन जानता है, महाराष्ट्र जैसा लगना चाहिए. गरजवंताला अक्कल नसते. मी स्टेशनजवळच्या दुकानातून वीस पोळ्या आणल्या, घरच्या डब्यात भरल्या आणि वर तूप सोडलं.

डब्याचा फडशा पडला. कधी नाव न विचारलेल्या बायका मला वैजयंताबेन म्हणू लागल्या. शेजारची हंसा तर म्हणाली, रविवारी येते, मला शिकवा.

रविवारी ती हरभऱ्याची डाळ भिजवून घेऊनच आली. आता किती खोटं बोलणार? मी खरं ते सांगून टाकलं आणि म्हटलं, बस, गॅसवर पिठी आहे, ती खाऊन जा. हंसा चिडली नाही, गोंधळली.

“महाराष्ट्रियन होके पूरणपोली नहीं आती? तो फिर आप लोग कौन हो?”

तिला टोचायचं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. आमचे आजे-पणजे याच मातीतले. मी गॅस बंद केला. ती डाळ घेऊन परत गेली.

संध्याकाळी उदयचा फोन आला. पोळ्या सगळ्यांना आवडल्या, असं मी म्हटलं. विकतच्या होत्या हे सांगणार, तेवढ्यात तोच खूश होऊन बोलायला लागला.

“बरं झालं शिकलीस, आई. इथे मराठी मंडळात सगळे विचारतात, तुमच्याकडे सणाला काय करतात. मला काही सांगताच येत नाही. आता सांगेन. मी आलो की तीच कर हां.”

आणि पिठी, मी विचारलं. तो हसला. ती काय कुणाला सांगायची गोष्ट आहे, म्हणाला.

माझ्या हातची पिठी चाखणारं जगात ते एकच माणूस उरलं होतं. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि थोडी रडले.

सोमवारी सकाळी स्टेशनजवळच्या त्या दुकानात गेले आणि तिथल्या बाईला विचारलं, पुरणाची डाळ किती शिट्ट्यांत शिजते?