चिरंजीवांची दुसरी डिस्क

आमच्या चिरंजीवांना घरातली कुठलीही वस्तू टाकून देववत नाही. कंप्युटरवर त्यांनी इतके सिनेमे भरून ठेवलेत, की सगळे बघायचे तर नोकरी सोडून बसावं लागेल. बघितलेला मात्र एकही नाही. "संग्रह आहे, बाबा," म्हणतात. डबक्यात पाणी साठतं, त्यालाही संग्रहच म्हणायचं का, हे मी विचारलं नाही.

त्याच कंप्युटरवर सुनेचा धंदा चालतो. ती भरतकामाचे नमुने काढते आणि मशीन त्याबरहुकूम कापडावर टाके घालतं. शाळांचे बिल्ले, टोपड्यांवरची बदकं, चादरींच्या वेली, सगळं तिने एकेक टाका मांडून केलेलं. अलीकडे एका हॉटेलने वेटरांच्या शर्टांवर सोनेरी मोर मागितला. एवढं मोठं काम पहिल्यांदाच. नमुना पसंत पडला, शर्टांचे गठ्ठे घरात येऊन पडले, आणि नेमकी कंप्युटरवरची जागा संपली.

"थोडे सिनेमे काढा ना," सून म्हणाली.

"अगं, काढायचे कशाला? दुसरी हार्ड डिस्क बसवतो. मग जागाच जागा!"

कुठल्याशा मित्राच्या मोडीत निघालेल्या कंप्युटरातली डिस्क त्यांनी आणली. स्क्रू बसेनात, तेव्हा खोक्याच्या आत चिकटपट्टीने डकवली. वर भाषण: "आता तुझे नमुने हिच्यावर. वेगळी खोली, वेगळं कुलूप!" नमुने तिकडे हलवले, इकडचे पुसले. सिनेमे धडधाकट डिस्कवरच लोळत राहिले. कमावत्या माणसाला जिन्याखाली झोपवून आळशाला पलंग द्यावा, तशातली गत.

नवी डिस्क कटकट वाजू लागली आणि एका सकाळी पडद्यावरून दिसेनाशी झाली. चिरंजीवांनी खोक्याला चापट मारली. डिस्क परत आली आणि पडद्यावर एक चौकट उगवली. सुनेने कंप्युटर आपल्या भाषेत करून घेतलाय, म्हणून मीही चष्मा चढवून पुढे सरकलो. मला अक्षरओळख उशिरा झाली, त्यामुळे वाचताना एकेक शब्द पायरीसारखा चढावा लागतो. 'ही डिस्क वापरण्यापूर्वी' इथवर पोचतोय, तोवर यांनी 'होय' दाबलंसुद्धा.

"अरे, ते काय विचारत होतं?"

"बाबा, ते काहीतरी विचारतच असतं. हो म्हणायचं आणि पुढे जायचं."

पुढे गेलो. डिस्क पुसून लख्ख रिकामी.

सुनेने आरडाओरडा केला नाही. "माझे नमुने?"

"आहेत गं आतच. फक्त दिसत नाहीत."

"आणि मोर?"

"विजेचं काही खरं नाही आपल्याकडे. त्यात बाबांचा पंखा..."

म्हणजे मोराचा जीव माझ्या पंख्याने घेतला!

"दुकानात दाखवतो," चिरंजीव पुटपुटले. "निघेल काहीतरी."

"निघेल तेव्हा निघेल. शर्ट उद्या द्यायचेत."

हॉटेलवाल्यांना दाखवायला भरलेला मोराचा तुकडा भिंतीला टाचलेला होता. सुनेने तो काढला, उलटा करून टाके पाहिले आणि नव्याने मांडायला बसली. मोराची मान होते न होते, तोच कंप्युटर म्हणाला, जागा नाही.

"तुमचे सिनेमे त्या दुसऱ्या डिस्कवर हलवा," ती म्हणाली.

"तिच्यावर?" चिरंजीव दचकले. "तिचा काय भरवसा? माझा सगळा संग्रह जाईल!"

बोलून गेले, आणि मग आपण काय बोललो ते त्यांनाही ऐकू आलं असावं. कान लाल झाले. सुनेने सिनेमांचा सगळा ढीग निवडला आणि कळ दाबली. पुन्हा चौकट उगवली.

"अगं थांब! ते काय विचारतंय, वाच तरी!"

ती माझ्याकडे वळली. "बाबा, वाचा."

मी चष्मा नीट केला आणि मोठ्याने, सावकाश वाचलं, 'हे सगळं कायमचं पुसायचं का?' एकही अक्षर सुटू दिलं नाही.

"होय," म्हणत तिने बटण दाबलं.

दिवस मावळताना मशीन सुरू झालं. चिरंजीवांना शर्टांच्या घड्या घालायला बसवलं होतं. त्याही त्यांना धड जमत नव्हत्या.