वारांचा डबा आणि तीन बाटल्या

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. खाऊचा नव्हे, म्हणून लगेच तोंड पाडू नका. मी गोळ्यांचा डबा. पट्टीएवढा लांब, पोटात सात कप्पे, प्रत्येक कप्प्याला आपापलं झाकण आणि झाकणावर एकेका वाराचं अक्षर. गुरुवारचं अक्षर बोटं लागून लागून पुसलं गेलं आहे. पण बुधवार आणि शुक्रवार यांच्या मध्ये कोण बसतं, हे काही कुणाला विचारावं लागत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. साच्यातून आम्ही भावंडं गरमागरम बाहेर पडलो, तेव्हा समोर एक तपासनीस बाई बसल्या होत्या. त्या प्रत्येक झाकण उघडून मिटून बघत. 'टक्' आवाज आला तर पास, नाही तर पुन्हा वितळायला. "झाकण लागत नसेल तर त्याला डबा कशाला म्हणायचं?" असं त्या शेजारणीला म्हणाल्या. मला कान नाहीत, पण कप्पे सात आहेत. एकात ते वाक्य जपून ठेवलं.

माझे पहिले मालक घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा. त्यांच्या हाताला शिस्त होती. दर रविवारी ते मला भरत आणि कौतुकानं म्हणत, "माणसं विसरतात, हा पठ्ठ्या विसरत नाही." मी फुगून बसत असे. आजोबा गेले आणि माझी रवानगी खणात झाली. मग आजींनी माझ्यात बटणं टाकायला सुरुवात केली. कुठल्या सदऱ्याचं काळं, कुठल्या झग्याचं लाल. औषधांचा मानकरी मी, बटणांचा हमाल झालो! फार वाईट वाटलं.

माझे दिवस पालटले ते आजींच्या सुनेमुळे. ती शाळेची बस चालवते. बसमधली मुलं तिला मावशी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. डॉक्टरांनी तिला थायरॉईडची रोजची गोळी दिली, तेव्हा तिनं बटणं एका बशीत ओतली, मला कोमट पाण्यानं धुतलं आणि पुन्हा कामावर घेतलं.

पुढे आजी न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांचं मांडीचं हाड मोडलं. रात्रीतून कितीदा तरी हाक यायची, "सूनबाई, पाणी." "सूनबाई, जरा कूस बदलून दे गं." सूनबाई उठायची. उजाडायच्या आत स्वयंपाकघर, उजाडल्यावर बस. घरात नवरा होता, नणंद होती, दोघांची झोप मात्र सरकारी शिक्का मारल्यासारखी पक्की. मावशीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं दिसू लागली, तशी सगळ्यांना तिची दया आली. या घरात दया बाटलीत भरून येते.

पहिली बाटली नणंदेनं आणली. तिच्यावर पांढऱ्या पिसाचं चित्र. "वहिनी, ही घेऊन बघ. ताण कुठल्या कुठे पळतो! आमच्या ऑफिसात सगळ्या घेतात."

नवऱ्याला हे कसं खपावं? त्यानं दुसरी आणली, उधळलेल्या घोड्याची. "अगं, तुला शांतता नको, जोर पाहिजे जोर!"

आजी तरी मागे कशा राहतील? त्यांनी पलंगावर पडल्या पडल्या फोन फिरवून तिसरी मागवली. तिच्यावर चंद्र. "माझ्यापायी तुझी झोपमोड होते ना, म्हणून खास तुझ्यासाठी."

तिघांनाही तिची काळजी मनापासून वाटत होती, यात शंका नाही. पण बाटली देणं सोपं, मित्रांनो. झोपेतून उठणं अवघड.

आता यातली निवडायची कुठली? मावशीनं तिन्ही टेबलावर मांडल्या. नणंदेची घेतली तर नवरा रुसणार, नवऱ्याची घेतली तर आजी भिंतीकडे तोंड करून झोपणार. मावशीनं विचार केला औषधाचा नाही, माणसांचा. "जाऊ दे, तिन्ही घेते. कुणाचं मन मोडायला नको," असं म्हणून तिनं तिन्हींतल्या गोळ्या माझ्यात भरल्या.

मित्रांनो, त्या गोळ्या आत येताच मी चपापलो. पीस, घोडा, चंद्र अशी तीन चित्रं आणि आत वास एकच! ओल्या मातीचा, तबेल्यासारखा. तोच वास तिन्हीकडे. मला ओरडून सांगायचं होतं, पण डब्यानं ओरडायचं कुठल्या तोंडानं?

थोड्याच दिवसांत मावशीला भरदुपारी पेंग येऊ लागली. पोटात ढवळायचं. जिना चढताना छाती धडधडायची, आणि कप धरलेला हात थरथरायचा. तिला वाटलं, हा अशक्तपणाच. नवरा म्हणाला, "मुरायला वेळ लागतो." जसं काही लोणचंच घातलं होतं!

त्यात चालकांची वर्षाची आरोग्य तपासणी तोंडावर आली होती. डोळे, छाती, रक्त, सगळं बघतात. चालकाची ती खुर्ची मावशीला कुणी आयती दिली नव्हती. पहिल्या दिवशी शाळेच्या रखवालदारानं तिच्या खांद्यावरून मागे पाहत विचारलं होतं, "ड्रायव्हर कुठंय?" आणि ती म्हणाली होती, "खाली बघा, तुमच्यासमोरच उभी आहे." अशी मिळवलेली जागा ती सोडणार होती थोडीच!

मग ते सिग्नलचं झालं. मी तिच्या पिशवीत होतो. बस थांबली. दिवा बदलला, तरी बस हलेना. मागच्या बाकावरून एक मुलगी किंचाळली, "मावशी, हिरवा झाला! झोपलात काय?" सगळी मुलं खदखदा हसली. मावशीही हसली. पण त्या दिवशी घरी आल्यावर तिनं चपलासुद्धा काढल्या नाहीत, टेबलावर हात ठेवून नुसती बसून राहिली. मग एकदम उठली. "मी हरायची नाही. उद्यापासून दोन-दोन घेते."

निर्धार चांगलाच असतो, मित्रांनो. पण बस वेगात आहे म्हणून वाट बरोबर आहे असं होत नाही.

तिनं मला भरायला घेतलं. सोमवारचं झाकण दाबलं, ते आपोआप उघडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा उघडलं. नवरा म्हणाला, "म्हातारा झालाय तो, टाकून दे." तिनं मला रबर गुंडाळलं, ते तटकन तुटून नवऱ्याच्या चहात पडलं. चिकटपट्टी लावली, तीही निघाली. कुणी म्हणेल, कप्प्यात जागाच नव्हती. म्हणू दे. मला मात्र त्या तपासनीस बाई आठवत होत्या. जन्मभर लागावं म्हणून जपलेलं झाकण मी त्या दिवशी मुद्दाम लागू दिलं नाही.

"मोठा डबा आणते," म्हणून मावशी मला आणि तिन्ही बाटल्यांना घेऊन औषधांच्या दुकानात गेली.

दुकानातल्या काकांनी मला हातात घेतलं. "मोठा डबा देतो, ताई. पण एवढं भरताय तरी काय?"

मावशीनं बाटल्या पुढे ठेवल्या. काकांनी चित्रांकडे पाहिलंसुद्धा नाही. बाटल्या उलट्या फिरवल्या आणि भिंग लावून बारीक अक्षरं वाचली.

"पुढची बाजू विकायला असते, ताई, मागची वाचायला. तिन्हींत अश्वगंधाच आहे. आणि ही चौथी गोळी?"

"ती थायरॉईडची. डॉक्टरांची."

"मग हे घेताय, ते डॉक्टरांना सांगितलंत?"

"यात काय सांगायचं? मुळी तर आहे. निसर्गातली."

"काहीच करत नसती, तर घेतली असती का तुम्ही? जी गुण देऊ शकते, ती अवगुणही देऊ शकते. कुणाला पेंग येते, कुणाचं पोट बिघडतं. थायरॉईडच्या गोळीबरोबर तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. या तिन्ही बंद ठेवा आणि आजच त्यांना भेटा. त्यांची गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका."

"आणि... गाडी?"

"कसली चालवता?"

"शाळेची बस."

काका भिंग पुसत बसले.

मावशीनं दुकानाच्या पायरीवरूनच शाळेला फोन लावला. आवाज ठाम होता. "साहेब, उद्यापासून माझ्या जागी दुसरं कुणी बघा. नाही, लग्नकार्य नाही. कारण लिहून घ्या, सिग्नलला मला डुलकी लागली. डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच मी परत येईन."

घरी येऊन तिनं तिन्ही बाटल्या पाठ पुढे करून टेबलावर ठेवल्या आणि सगळ्यांना वाचायला लावल्या.

नणंद रडवेली झाली. "वहिनी, मी प्रेमानं दिली होती गं."

"प्रेमच होतं. म्हणून तर तिन्ही गिळल्या!"

"मग आता यातली कुठली घेणार?" नवऱ्याचा डोळा अजून घोड्यावरच होता.

"डॉक्टर म्हणाले तर एखादी. नाही म्हणाले तर एकही नाही. मला जे पाहिजे ते बाटलीत मिळत नाही. मला झोप पाहिजे."

असं म्हणून तिनं मला रिकामं केलं, खणातली बटणांची बशी काढली आणि माझ्या सोमवारच्या कप्प्यात एक काळं बटण टाकलं. "हे तुम्ही. सोमवारी रात्री आईंनी हाक मारली की तुम्ही उठायचं." मंगळवारी लाल. "ही तू." तिसऱ्या दिवशी पांढरं, ती स्वतः. पुन्हा काळं, पुन्हा लाल.

आजी पलंगावरून म्हणाल्या, "आणि मी काय करू गं?"

"तुम्ही रोज बटण बघून हाक मारायची. सवयीनं 'सूनबाई' म्हणालात, तर मी ऐकायची नाही."

डॉक्टरांनी रक्त तपासलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि थायरॉईडची गोळी चालू असेपर्यंत असलं काही घ्यायचं नाही म्हणून बजावलं. काही आठवड्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा आठ्या गेल्या होत्या. शाळेचे साहेब आधी कुरकुरले, मग म्हणाले, "डुलकी लागली असं सांगणाऱ्या तुम्हीच पहिल्या. लागून गप्प बसणारे किती असतील कोण जाणे!" तपासणीत मावशी पास झाली. काल ती बसमध्ये चढली तेव्हा मागच्या बाकावरची ती मुलगी म्हणाली, "मावशी, आज मी झोपते, तुम्ही जाग्या राहा हं!"

मित्रांनो, थायरॉईडची गोळी आता आपल्या पाकिटातच राहते आणि माझ्यात पुन्हा बटणं आहेत. पण आता मी स्वतःला हमाल म्हणत नाही. तुमच्या घरी कुणी दमलेलं असेल तर खुशाल बाटली आणा, पण आणण्याआधी तिची पाठ वाचा, डॉक्टरांना विचारा, आणि त्याही आधी त्या माणसाला विचारा, "आज तुझ्याऐवजी मी उठू का?"

आज सोमवार. नवऱ्यानं झाकण उघडलं, काळं बटण पाहिलं, एक लांब उसासा टाकला आणि झाकण मिटलं.

टक्.